दस्तीखाली घेतलेली बोट

आमच्या घरातली तीन गडी माणसं जुनी बोट घ्यायला गेली आणि तिघांपैकी एकानंही ती पाण्यात घालून बघितली नाही. हे आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चौथी मी होते. घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण? बैल घ्यायचा असता तर याच माणसांनी त्याला गाडीला जुंपून, गाडीची चाकं बांधून, ओढायला लावून बघितलं असतं. बोट मात्र लिंबाखाली, कोरड्या मातीत, जुन्या टायरांवर टेकवलेली, आणि तिथंच यांना पसंत पडली.

धाराशिव जिल्हा आणि बोट म्हटलं की लोक हसतात. माझ्या मावसबहिणीनं फोनवर विचारलं, "अगं, तुमच्याकडं प्यायला टँकर येतो ना?" येतो. आणि दारासमोर धरणाचं पाणीही आहे. दोन्ही खरं आहे. धरण झालं तेव्हा गाव एका काठाला राहिलं आणि आमची वस्ती दुसऱ्या. मधे पूल होणार होता. माझं लग्न ठरलं तेव्हाही तो होणारच होता, आणि आता माझी पोरगी बारावीला गेली तरी तो होणारच आहे. रस्त्यानं फिरून जायचं तर ओढ्यावरची फरशी खचलेली, एसटी बंद. पाण्यापलीकडं मात्र डांबरी सडक दिसते, उमरग्याची गाडी थांबते तेही दिसतं. दिसतं म्हणूनच जास्त राग येतो.

पोरीचं कॉलेज उमरग्याला. सायन्स घेतलंय, नर्सिंगला जायचं तिच्या डोक्यात पक्कं आहे. अकरावीचं अख्खं वर्ष ती शेजाऱ्यांच्या गुळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडत होती. दोन्ही काठांना दोर बांधलेला, तो ओढत ओढत पलीकडं जायचं. गूळ करायची काहील ती, माणसं वाहायची थोडीच! एकदा अलीकडच्या काठाशी आली असता तिरकी झाली आणि पोरगी दप्तरासकट कमरेएवढ्या पाण्यात पडली. लागलं नाही, बुडली नाही, फक्त भिजली. पण त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी जेवताना सांगून टाकलं, "बास झालं कॉलेज. पोरीच्या जातीला एवढा जीव टांगणीला लावायची गरज न्हाय. पुढच्या सालापासून घरी बसूं दे." घरी बसूं दे म्हणजे पुढं काय, ते सांगायला नको. स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

मी अंगणवाडीत काम करते. दुसऱ्यांच्या पोरांना रोज सांगते की शिका. माझ्या घरात असं झालं तर उद्यापासून कुठल्या तोंडानं सांगू? आठवडाभर मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी माझ्या दिरानंच तोडगा काढला. दीर ट्रॅक्टर चालवतात, इंजिनाचा नाद लई. ते म्हणाले, "मोटारबोट घेऊत की. जुनी मिळती. वस्तीवरच्या सगळ्यांचीच सोय हुईल." सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बघूत. पण म्या पारखल्याबिगर घ्यायची न्हाय. चांगली घावली तर जाईल पोरगी. न्हाय घावली तर पुन्हा इषय काढायचा न्हाय." म्हणजे पोरीचं अख्खं शिक्षण त्या एका बोटीवर आलं.

सासऱ्यांना आमच्याकडं सुना मामा म्हणतात. तर आमचे मामा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले बैलपारखी. मुरुमच्या बाजारात लोक त्यांना मुद्दाम घेऊन जायचे. बैलाच्या अंगावरचा भोवरा बघून ते त्याची खोड सांगतात, दात न मोजता वय सांगतात. यात खोटं काही नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. पण बैल पारखणाऱ्याला बोट कळतेच, हे कुणी ठरवलं? त्यांनीच.

दिराला मोबाइलवर सापडलेली बोट सोलापूरच्या पलीकडं होती, एका मोठ्या धरणाच्या काठी. एका धाबेवाल्यानं पूर्वी पर्यटकांना फिरवायला ठेवलेली, तो धंदा बंद पडला म्हणून विकायला काढलेली. मामा, दीर, माझे मालक, अशी तिघं निघाली तेव्हा मीही पदर खोचून जीपमध्ये बसले. मामा म्हणाले, "तू कशाला?" मी म्हणलं, "बसणार माझी पोरगी हाय. म्हणून." मालक खिडकीतनं बाहेर बघत राहिले. ह्यांचं असंच. वडील आणि बायको एकमेकांसमोर आले की ह्यांना बाहेरचं सगळं दिसायला लागतं.

बोट दिसायला देखणी होती, नाही म्हणणार नाही. पांढरी फायबरची, बाजूनं निळा पट्टा, ताजा रंग. मामा तिच्याभोवती फिरले. पुढून बघितली, मागून बघितली, जरा लांब जाऊन डोळे बारीक करून बघितली, मग जवळ येऊन तिच्या अंगावरनं हात फिरवला. "बांधा चांगला हाय," म्हणाले. बांधा! दिरानं तर पुढचा विचारच केला नाही. धाबेवाल्यानं इंजिनाचं पातं पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून दोरी ओढली, इंजिन धडधडलं आणि आमचे भाऊजी गार. "आवाज बघा आबा काय झकास हाय! एक ठोका चुकंना." अर्धा तास ते त्या बॅरलपाशीच उभे. इंजिन म्हणजेच बोट, असं त्यांचं झालं होतं. पाण्यावर तरंगतं ते इंजिन नसतं, हे सांगायला हवं होतं का कुणीतरी?

मला बोटीतलं काही कळत नाही. पण मी बाजारातनं माठ आणते तेव्हा बोटाच्या पेरानं वाजवून आणते. तशीच मी बोटही चहूबाजूंनी वाजवली. दोन्ही कडा कशा खणखणीत बोलल्या. मागची फळी, जिच्यावर एवढं जड इंजिन टांगायचं, ती भद्द बोलली. पुन्हा वाजवली. पुन्हा भद्द. मी मालकांना हाक मारली, "अहो, इकडं या. ही फळी वेगळी वाजायली." मालक आले, त्यांनीही वाजवली, आणि मामांकडं बघितलं. धाबेवाला हसून म्हणाला, "वहिनी, मागं लाकूड जाड असतंय म्हणून तसा आवाज येतो." मामा म्हणाले, "माठ न्हाय घ्यायचा आपल्याला." सगळे हसले. मालकसुद्धा हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही.

मी म्हणलं, "बरं, माझं राहू द्या. पाण्यात घालून बघूत. धरण समोरच हाय."

धाबेवाला म्हणाला, ट्रॉली नाही, उद्या या, परवा या. मी म्हणलं, परवा येऊत. काय बिघडतंय? आणि मामांकडं वळून बघते तर त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून हातावर टाकलेली आणि धाबेवाल्याचा हात तिच्याखाली! बैलबाजारात असंच चालतं. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा, तोंडानं आकडा काढायचा नाही, आणि एकदा हात दाबला की सौदा पक्का. तो मोडणारा माणूस बाजारातनं उठला. त्या धाबेवाल्याला ही रीत ठाऊकही नसेल, तो नुसता गोंधळून हात देऊन उभा. मामा मात्र मान डोलावत होते.

"मामा, अहो बैल तरी जुंपून बघता की! मग बोट पाण्याला नको का जुंपायला?"

"सौदा झालाय," मामा म्हणाले. "दस्तीखालनं हात काढल्यावर बोलायचं नसतं. आजवर ह्या हातानं शब्द फिरवला न्हाय. तू काय बोलायलीस, कुठं बोलायलीस, जरा बघ."

शब्द! कुणाचा शब्द, कुणाच्या पोरीवर? माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं, कारण परक्याच्या दारात सासऱ्याला बोलायचं नाही हे माझ्या आईनं शिकवलेलं. आईनं शिकवलेल्या काही गोष्टी मला आता पटत नाहीत.

मग भाऊजींनी घरनं ट्रॅक्टर आणला आणि त्याच्या ट्रॉलीवर बोट आमच्याकडं निघाली. येताना अणदूरला थांबून मामांनी तिच्यावर खंडोबाचा भंडारा उधळला. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून हात करत होते. वस्तीवर तर लग्नाची वरात आल्यासारखी गर्दी. बायकांनी ओवाळलं, नारळ फोडला, पोरं बोटीला हात लावून बघायला लागली. माझी पोरगी दप्तर घेऊनच उभी होती, रिकामं दप्तर. मामा म्हणाले, "आधी गडी माणसं एक फेरी मारून येतूत. मग पोरगी." त्या एका वाक्याबद्दल मात्र मी त्यांची आभारी आहे.

तिघं बसले. दिरानं इंजिन चालू केलं, वस्तीनं टाळ्या वाजवल्या, बोट डौलात निघाली. काठापासून थोडी लांब गेल्यावर भाऊजींना हुरूप आला आणि त्यांनी एकदम वेग वाढवला. मागनं कडाड असा आवाज आला. मागची फळी मधोमध फाटली, इंजिन मागं मान टाकल्यासारखं लोंबायला लागलं आणि त्या भगदाडातनं पाणी आत. तिघांनीही उड्या टाकल्या आणि पोहत काठाला आले. बोट तिरकी होऊन निम्मी पाण्यात, निम्मी वर. नंतर ओढून काढली तेव्हा बघितलं. फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड पार कुजलेलं, हातानं कुस्करावं असं. वरनं निळा पट्टा झकास.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, चुकलो. आमच्या घरात काय झालं? मामांनी धोतर पिळलं आणि म्हणाले, "देवाच्या मनात न्हाय. पाण्याचा नाद सोडा. पोरीचं कॉलेज बास."

नाचता येईना अंगण वाकडं! म्हणजे बोट यांनी निवडली, शब्द यांनी दिला, हसले हे, आणि शिक्षा माझ्या पोरीला? मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरगीच बोलली. तिनं आयुष्यात आजोबांना उलटं उत्तर दिलेलं नव्हतं. "आबा, बोट तुमी बुडवली. कॉलेज माझं का बुडवायलात?" अख्खी वस्ती ऐकत होती. मामांनी खाली बघितलं, पण शब्द मागं घेतला नाही. शब्द मागं घ्यायचा नसतो ना!

मी म्हणलं, धाबेवाल्याकडं जाऊत, नुकसानभरपाई मागूत. तर मामा म्हणतात, सौदा झाल्यावर तक्रार घेऊन जाणं म्हणजे नाक कापून घेणं. भाऊजी म्हणतात, इंजिन तर चांगलं हाय. मालक म्हणाले, "मी येतो." मामांनी त्यांच्याकडं बघितलं. मालक पुन्हा बसले. बसा! दुसऱ्या दिवशी त्याच काहिलीतनं पाणी ओलांडून सकाळच्या पहिल्या गाडीनं मी आणि माझी पोरगी सोलापूरला निघालो. पिशवीत त्या कुजलेल्या फळीचा एक तुकडा होता.

ऐन जेवणाची वेळ. धाबा भरलेला. गल्ल्यावर धाबेवाल्याची पोरगी बसलेली, माझ्या पोरीच्याच वयाची. मी पिशवीतला तुकडा धाबेवाल्याच्या समोरच्या टेबलावर आपटला, त्याचा भुगा भाकरीच्या टोपलीपर्यंत गेला.

"हे जाड लाकूड काय हो तुमचं?"

तो गडबडला. "ताई, जरा बाजूला या, गिऱ्हाईकं जेवायलीत."

"जेवू द्या की. त्यांनाबी कळू द्या काय विकता तुमी. तुमाला ठाऊक होतं, ते पाण्यात तुटणार. माझी पोरगी त्याच्यावरनं रोज जाणार हे सांगितलं होतं तुमाला. ठाऊक होतं का न्हाय?"

"तुमच्याच माणसानं घाई केली. मी कुठं म्हणलं लगेच घ्या? घ्यायच्या आधी बघायचं असतंय."

चोराच्या उलट्या बोंबा! माझं डोकं फिरलं. मी माझ्या पोरीचा दंड धरला आणि गल्ल्याकडं बोट केलं. "ही तुमची पोरगी ना? चला. तीच बोट आणते, तीच फळी लावते. तुमची आणि माझी, दोघींना बसवूत आणि मधोमध सोडूत. बघूत तुमाला झोप लागती का!"

कुणाच्या हातातला घास हातातच. मला वाटलं, जिंकले. तर तो माणूस माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "ताई, माझी पोरगी धरणकाठची हाय. पाचवीत असल्यापासनं पोहती. निघंल ती बाहेर. तुमच्या पोरीला येतंय का पोहायला?"

मी पोरीकडं बघितलं. तिनं मान हलवली. नाही. म्हणजे हे मला ठाऊकच होतं. ठाऊक असूनही मी कधी त्या गोष्टीकडं वळूनच बघितलं नव्हतं. वर्षभर काहिलीतनं जात होती. आम्ही फळी बघितली, इंजिन ऐकलं, बांधा पारखला, देवाला भंडारा वाहिला. पोरीला पोहता येतं का, एवढंच कुणी विचारलं नाही. मामांनी नाही, बापानं नाही, आणि मोठ्या तोंडाची मी, मीही नाही. त्या लबाड माणसानं ते मला भर धाब्यात विचारावं, याचा मला जो संताप आला तो मी सांगू शकत नाही. त्याला एक सणसणीत द्यावीशी वाटली. आणि दुसरी स्वतःला.

त्याची पोरगी गल्ल्यावरनं उठली. बापाला म्हणाली, "पप्पा, फळी नवी टाकून द्या. आन त्या कोपऱ्यातली जॅकेटंबी द्या." तिथं लाइफ जॅकेटांचा ढीग पडलेला होता, धूळ खात. तो म्हणाला, "मागितली असती तर तेव्हाच दिली असती. तुमच्या लोकांनी नुसतं इंजिन बघितलं." तेही खरं होतं, म्हणून आणखी झोंबलं. फळी तो स्वतःच्या खर्चानं बसवून देणार, पाण्यात घालून, स्वतः बसून दाखवणार आणि मगच आम्ही बोट घरी नेणार, असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याच्याकडनं वदवून घेतलं. त्यानं शब्द पाळलाही, बोट आता ठणठणीत आहे. पण त्या दिवशी परत येताना मला बोटीची काही पडली नव्हती. एसटीत पोरगी माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिच्याकडं बघू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा विहिरीवर आंघोळीला निघाले, तशी मी पोरीला घेऊन त्यांच्या मागं गेले. आमची विहीर पायऱ्यांची आहे, पाणीही बरं होतं. याच विहिरीत मामांनी दोन्ही लेकांना, सगळ्या पुतण्यांना, दिराच्या पोराला पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा कॅन बांधायचा आणि वरनं ढकलून द्यायचं. वस्तीतला एक पोरगा सोडला नाही त्यांनी. पोरी मात्र काठावर बसून टाळ्या वाजवायच्या.

"मामा, हिला शिकवा."

"काय?"

"पोहायला. आज."

"येडी झालीस का? वयात आलेली पोरगी हाय. विहिरीत उतरवू? लोक काय म्हणतील?"

"लोक?" माझा आवाज शेजारच्या शेतापर्यंत गेला असेल. "लोक मढं बघायला येतील मामा! तवा त्यांना काय सांगायचं? पोरीची जात म्हणून शिकवलं न्हाय म्हणून सांगायचं? त्या दिवशी बोट फुटली, तुमी तिघं पोहत आलात. ही बसली असती तर? तुमी आधी तिला धरलं असतं का आधी शब्द धरला असता?"

इतकं मी त्यांना जन्मात कधी बोलले नव्हते. मामा पायऱ्या उतरले आणि धोतरासकट पाण्यात शिरले. खालनं म्हणाले, "कॅन बांध तिला."

खोपटात फवारणीचा धुतलेला कॅन होता. मी तो पोरीच्या पाठीला बांधला, ओढणी कमरेला आवळली. गाठ दोनदा ओढून बघितली. पोरगी काठावर उभी राहिली. खाली आजोबा दोन्ही हात पसरून.

तिनं उडी टाकली. गेली ती गेलीच, असं मला वाटलं. मग कॅननं तिला वर आणलं. ठसकत, खोकत, डोळ्यांवरचे केस बाजूला सारत तिनं आधी आजोबांकडं बघितलं, मग वर माझ्याकडं. मला वाटलं रडेल. रडली नाही. ती चिडली होती, माझ्यापेक्षा जास्त चिडली होती.

"इतकी वर्षं का न्हाय टाकलं मला?" ती पाण्यातनं ओरडली. "दोघांनीबी का न्हाय टाकलं?"

विहिरीत ते घुमलं. मामांनी तिच्या पोटाखाली हात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाय मार, बाळा. पाय मार."